हौसाकडे किती उरले?

ओव्हाळबाईंसमोर 'अर्धा' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. तुम्ही आपले सहज म्हणालात, "बाई, अर्धा कप चहा घेणार?" की त्या मान तिरकी करून विचारणार, "कशाचा अर्धा, मास्तर? तुमच्या कपाचा की माझ्या?" त्यांचा कप माझ्या कपापेक्षा मोठा होता हे खरं, पण चहा गार होईपर्यंत माणसाने त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे काय? शिपाई म्हणाला, "बाई, निम्मं अंगण झाडलं," तरी तोच प्रश्न. हेडमास्तर म्हणाले, "पाऊण वर्ग गैरहजर आहे," तरी तोच. पाव, निम्मा, पाऊण यातलं काहीही कानावर पडलं की बाईंचं ठरलेलं, "कशाचा?"

मी अलिबागकडचा. नोकरीच्या पहिल्याच नेमणुकीवर खालापूर तालुक्यातल्या या डोंगरपायथ्याच्या शाळेत येऊन पडलो. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता, आणि समुद्राची हवा सोडून आत डोंगरात नेमणूक म्हणजे घरच्यांना काळ्या पाण्याची शिक्षाच वाटली होती. आई तर सुकी मासळी बांधून देताना डोळे पुसत होती. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. प्राथमिक मास्तराला सगळंच शिकवावं लागतं, पण खरं सांगायचं तर माझा जीव कवितेत आणि शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांत. गणिताचा तास आला की माझी पाचावर धारण बसायची.

पहिल्याच दिवशी शेजारच्या चौथीच्या वर्गातून असा काही गलका उठला की मला वाटलं, मारामारी झाली. छडी घेऊन धावत गेलो. पाहतो तर निम्मा वर्ग (कशाचा ते विचारू नका) बाकावर उभा. एका बाजूला मुली, एका बाजूला मुलगे, आणि मध्ये एक ठेंगण्या, सावळ्या बाई कमरेला पदर खोचून उभ्या. डोक्यावर छोटासा अंबाडा आणि त्या अंबाड्यात चक्क खडू खोचलेला.

"बांगड्या कशाला गं?" एक पोरगा ओरडत होता. "गेल्या बाजाराला घेतल्यात की! कासरा घ्यायला पायजे. बैल काय सुतळीनं बांधायचा?"

"बैल तुझा, बांगड्या तिच्या!" मुलींमधून उत्तर आलं.

"गप!" बाईंनी आवाज टाकला. ठेंगण्या देहातून एवढा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. "हौसा बाजारात गेली बारा रुपये घेऊन. तृतीयांश तांदळाला गेले. उरलेल्याचा पाव हिस्सा सुकटीला गेला. आधी सांगा, हौसाकडे किती उरले? मग भांडा बांगड्यांवरून!"

सगळी पोरं खाली बसली. पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या. मग एकदम वीस-पंचवीस आवाज, "सहा!"

बाईंनी अंबाड्यातला खडू काढला आणि पुढच्या मुलीच्या पाटीवर बरोबरची ही एवढी मोठी खूण केली. जवळ पाटी नसेल तर त्या ही खूण भिंतीवर करायच्या, बाकावर करायच्या, पोराच्या तळहातावर करायच्या. त्या शाळेतली पोरं घरी जाऊन आईला तळहात दाखवायची आणि मूठ मिटूनच जेवायला बसायची, खूण पुसली जाऊ नये म्हणून.

ही हौसा कोण, तर कोणीच नाही. पुस्तकातल्या गणितांत एक गोविंदराव होते. त्यांना तीनशे रुपये पगार. पगाराचा तृतीयांश भाग घरभाड्यावर, उरलेल्याचा पंचमांश करमणुकीवर. बाईंचा या गोविंदरावांवर दात होता. "तीनशे पगाराचा माणूस रसायनीच्या कारखान्यात साहेब असेल. तो आपल्या पोरांना कुठे भेटणार? आणि करमणुकीवर पंचमांश! बायकोला विचारलं का मेल्यानं?" मग त्यांनी गोविंदरावांना हाकलून दिलं आणि हौसाला आणलं. हौसा याच भागातली, डोंगराच्या कडेची. घरी एक बैल, दोन पोरं, एक तापट सासू. रोज ती कुठल्या तरी बाजारात जायची, काही तरी विकत घ्यायची, आणि तास संपताना तिच्या हातात काही उरायचं. ते घेऊन ती उद्या काय करणार हे बाई मुद्दाम सांगायच्या नाहीत.

झालं! सगळं गाव हौसाच्या मागे लागलं. पोरं घरी जाऊन सांगायची, हौसाचा बैल लंगडतोय. न्हाव्याच्या दुकानात चर्चा व्हायची की बैलाच्या वैद्याला पैसे देऊन तिच्याकडे बियाण्याला काय राहणार. एस.टी.चा कंडक्टर तिकीट फाडता फाडता मला विचारायचा, "काय मास्तर, हौसाकडं आज किती उरलं?" आणि मी गणितात कच्चा, मी काय सांगणार! पोरांना विचारून ठेवायला लागलो. अशा रीतीने वयाच्या बाविसाव्या वर्षी मी अपूर्णांक शिकलो.

एकदा गंगूआजी नावाची एक म्हातारी काठी टेकत शाळेत आली. तिचा नातू चौथीत होता. आली ती थेट वर्गात.

"ओ बाई, तुमची ती हौसा लई उधळी हाय! काल म्हनं निम्मं पैसं लुगड्याला घातलं. घरात तेलाचा थेंब नाय नि हिला लुगडं पायजे?"

दुसरी कोणी असती तर हसली असती. बाई गंभीर. "आजी, निम्मे कशाचे? सगळ्याचे की उरलेल्याचे?"

आजी गोंधळली. नातवाकडे वळून म्हणाली, "काय रं?"

"उरलेल्याचं," नातू पुटपुटला.

"मग आजी, तेल, मीठ, तांदूळ आधीच घेऊन झालं होतं तिचं. त्यातून जे राहिलं, त्याचे निम्मे."

आजीने डोळे मिटून मनाशी काही तरी जुळवलं. मग तिचा चेहरा उजळला. "आसं व्हय! सगळ्याचं निम्मं येगळं, उरलेल्याचं येगळं. मंग घेऊ दे लुगडं. कितीक वर्सं फाटकं नेसंल!"

आजी गेल्यावर बाई माझ्या वर्गात धावत आल्या. "मास्तर, ऐकलंत? जे वर्गात निम्म्या पोरांना कळत नाही ते म्हातारीला कळलं! लुगड्यापायी कळलं!" आणि माझ्या फळ्यावर, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेल्या कवितेवरच, त्यांनी बरोबरची खूण ठोकली.

हेडमास्तरांना हे प्रकार पसंत नव्हते. ते म्हणायचे, "बाई, तपासणीला साहेब येतील, तेव्हा हौसाला कुठे लपवू?" बाई म्हणायच्या, "लपवू नका, साहेबांनाच विचारा तिच्याकडे किती उरले ते." हेडमास्तर मग चष्मा पुसायला लागायचे.

बाईंच्या सवयी सांगायच्या तर किती सांगू? चालताना त्यांच्या तोंडात पावकी-निमकी चालू असायची, "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण," जशा इतर बायका स्तोत्रं पुटपुटतात तशी. खडू शोधत सगळं टेबल उलथंपालथं करायच्या आणि पोरं हसून हसून लोळायची, कारण खडू अंबाड्यात. आणि एक विलक्षण गोष्ट. बरोबर आलेलं उत्तर त्या लगेच विसरून जायच्या, चुकलेलं मात्र त्यांना महिनोन् महिने पाठ. "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, मास्तर. चूक ज्याची त्याची असते. चूक आली की तिला बसायला पाट द्यावा, पाणी द्यावं आणि विचारावं, बाई गं, तू आलीस कुठून?"

आणि अशीच एक चूक त्यांच्याकडे आली आणि मुक्कामालाच राहिली.

बुधी वरच्या वाडीतली. वाडी म्हणजे ठाकर आदिवासींची वीस-बावीस घरं, शाळेपासून तासाभराच्या चढावर. तिचा बाप गोमा जंगलातून मध, करवंदं, रानभाज्या आणून कर्जतच्या बाजारात विकायचा, आणि पावसाळा सरला की गवताच्या वखारीवर भारे बांधायला जायचा. बुधी वाडीतली चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. बारीक, काळीभोर, बोलणं कमी, पण आकडेमोडीत विजेसारखी. बाईंनी तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर कर्जतच्या वसतिगृहात जागा मिळणार होती, पाचवी तिथं होणार होती. नाही मिळाली तर गोमाने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "बाई, मंग ती माज्यासंगं वखारीवर. आमच्यात एवढी साळा कुनी शिकलं नाय. सरकारनं पास केली तर धाडतो, माजा सबूद."

आणि नेमकी हीच पोरगी हौसाच्या गणितात चुकायची. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर, पण उत्तर चूक. रोज चूक. बाई हैराण झाल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून येरझाऱ्या घालायला लागल्या.

एक दिवस मी मुलांच्या निबंधात लाल शाई ओतत बसलो होतो, तेवढ्यात बाई झंझावातासारख्या आत आल्या आणि फळा पुसून लिहायला लागल्या. एका बाजूला बरोबर उत्तरं, दुसऱ्या बाजूला बुधीची. बारा, तिचे साडेदहा. आठ, तिचे सात. सोळा, तिचे चौदा.

"बघा मास्तर! आठाला एक जातोय, सोळाला दोन जातायत, बाराला दीड! दर वेळी आठवा हिस्सा! म्हणजे रुपयाला दोन आणे! पोरगी चुकत नाहीये हो, तिच्या गणितातून रुपयाला दोन आणे कुणीतरी नेतंय! कोण नेतंय?"

आणे जाऊन नवे पैसे आले होते तरी आमच्याकडे बोलण्यात अजून आणेच चालत. मी म्हटलं, "बाई, घाबरवू नका, चोर आला की काय?" पण बाईंना हसायला फुरसत नव्हती. त्यांनी बुधीला बोलावलं. समोर बसवलं. खरोखर पाट नव्हता म्हणून स्वतःची खुर्ची दिली.

"बुधे, हौसाच्या हातात चोवीस रुपये आले. तिनं पहिलं काय केलं?"

"वाडीचं काढलं," बुधी म्हणाली. इतक्या सहज, जसं सकाळी उठल्यावर तोंड धुतलं म्हणावं.

"वाडीचं म्हणजे?"

"रुपयाला दोन आनं. ज्याच्या घरात कमावनारं कुनी नाय त्याच्यासाठी. मंग तांदूळ घेतलं, मंग कापड."

"पण गणितात कुठे म्हटलंय वाडीचं काढलं म्हणून?"

बुधीने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंची तिला कीवच आली असावी. "सांगाया कशाला पायजे? पैसं हातात आलं म्हंजे वाडीचं निगनारच."

बाई उठल्या, माझा हात धरून गदागदा हलवला आणि ओरडल्या, "मास्तर, ती चुकली नाही! तिनं एक पायरी जास्त केलीय! आपण सगळे वाडी विसरलो, ती विसरली नाही!" आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते. मी कधी कुणाला दुसऱ्याची चूक सापडल्यावर एवढं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. एरवी मास्तर लोक चूक सापडली की खूश होतात, पण तो आनंद वेगळा.

मग त्या शांत झाल्या आणि बुधीजवळ बसल्या. "पण बुधे, परीक्षेच्या पेपरात वाडी नसते. तिथं ज्याचे पैसे त्यानं खर्च केले, एवढंच असतं."

बुधी विचारात पडली. मग म्हणाली, "मंग पेपरातली मान्सं एकलीच ऱ्हात्यात का?"

बाई उठून फळा पुसायला लागल्या. मी तर निबंधांत तोंड खुपसलं.

त्या रविवारी बाईंनी मला ओढतच वरच्या वाडीत नेलं. त्यांना हा हिशेब डोळ्यांनी पाहायचा होता. गोमाने अंगणात घोंगडी टाकली, काळा चहा दिला. शेजारच्या झोपडीपुढे ठमी नावाची एक म्हातारी उन्हात बसली होती. तिचं कोणी नव्हतं, आणि दिसायचंही बंद झालं होतं. तिच्या दारात मीठ होतं, सुकट होती, तांदळाची पाटी होती. वेगवेगळ्या घरांतून आलेली.

"आमी काय दान करत नाय, बाई," गोमा म्हणाला. "बाजाराचं पैसं आलं की आधी हे काढायचं, मंग आपल्याला. आधी आपल्याला घेतलं तं मागं काय ऱ्हातंय? काय बी ऱ्हात नाय."

परत उतरताना बाई हळूहळू पाय टाकत होत्या. त्यांची पावकीसुद्धा बंद होती. मला वाटलं, चढ-उताराने दमल्या. ओढ्यापाशी थांबून त्यांनी पाय पाण्यात बुडवले आणि म्हणाल्या, "मास्तर, मी लहान होते तेव्हा आमच्या आळीला गावातून अन्न मिळायचं ते उरलेलं. सगळ्यांची जेवणं झाली, जनावरांना घालून झालं, की मग लांबून टोपलीत टाकायचे. बापानं धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं ती टोपली मोडून चुलीत घातली. म्हणाला, आजपासून उरलेलं नाही खायचं, कमावलेलं खायचं." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "आणि ही माणसं बघा. आधी काढतात हो! आधी! जेवायच्या आधी!"

मी चपला काढल्या आणि शेजारी पाण्यात पाय सोडून बसलो. आज वाटतं की बरं केलं.

आता प्रश्न एकच होता. परीक्षेत बुधीचा हात आपसूक वाडीचे दोन आणे काढणार, की नाही? गोमाने शब्द दिला होता आणि तो शब्द मोडणारही नव्हता. पोरगी नापास झाली की पुढच्याच हंगामाला वखारीवर. बाईंनी तिच्याकडून गणितं घोटून घेतली. ती कधी बरोबर करायची, कधी हात घसरायचा आणि आठवा हिस्सा वाडीला जायचा. बाई रागवायच्या नाहीत. रागवणार कशा? त्या नुसत्या म्हणायच्या, "बुधे, पेपरातल्या माणसाला वाडी नाही गं, बिचाऱ्याला." आणि बुधी मान हलवायची, जशी एखाद्या दुखणाइताबद्दल ऐकून हलवावी.

परीक्षा कर्जतला होती. आम्ही चार पोरं घेऊन पहाटेच्या एस.टी.ने गेलो. पोरं आत गेली आणि बाई शाळेच्या फाटकाबाहेर आंब्याखाली फिरायला लागल्या. अंबाड्यातला खडू काढायच्या, बोटांत फिरवायच्या, परत खोचायच्या. मी भजी आणली. "निम्मी तरी खा," म्हटलं. बाईंनी "कशाची?" असं विचारलं नाही! तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

घंटा झाली. पोरं बाहेर सांडली. पहिली तीन धावत आली, "बाई, हौसाचं गणित आलं हुतं! नाव वेगळं हुतं, पन हौसाच!" बत्तीस रुपये. पाव हिस्सा धान्यावर. उरलेल्याचा तृतीयांश कापडावर. किती उरले? मी मनातल्या मनात करायला लागलो आणि पहिल्यांदाच माझं उत्तर पोरांनी सांगायच्या आधी आलं. सोळा. वाडीचं काढलं तर चौदा.

बुधी सगळ्यात शेवटी आली. हळूहळू, पाय ओढत. मान खाली.

बाई पुढे झाल्या. "बुधे, किती उरले?"

बुधी अंगठ्याने माती उकरत राहिली.

"चौदा?" बाईंचा आवाज चिरकला.

बुधीने मान हलवली. नाही.

"मग?"

"सोळा."

अहो, काय सांगू! बाईंनी तिला उचललीच. ती ठेंगणी बाई त्या पोरीला कडेवर घेऊन फाटकासमोर गिरक्या घेत होती, अंबाडा सुटला, खडू खाली पडून मोडला, इतर गावचे मास्तर तोंडात बोट घालून बघत राहिले. मी भज्यांचा पुडा हवेत उडवला. त्यातली निम्मी कावळ्यांनी नेली, आणि त्या दिवशी कशाची निम्मी हे कुणीच विचारलं नाही.

तेवढ्यात लक्षात आलं, बुधी रडते आहे. हुंदके देऊन.

"काय झालं गं? बरोबर आलंय!"

"वाडीचं नाय काढलं, बाई," ती म्हणाली. "मी नाय काढलं. हातात बत्तीस रुपयं हुतं तिच्या, नि मी ठमीआजीला काय बी नाय दिलं."

बाईंनी तिला खाली ठेवलं. पदराने तिचे डोळे पुसले. मग तिचा हात धरून बाजाराचा रस्ता धरला. आम्ही मागोमाग. सुक्या मासळीच्या दुकानासमोर त्यांनी कमरेची पिशवी काढली. बत्तीसाचा आठवा हिस्सा चार. चार रुपये! आमच्या पगारात चार रुपये म्हणजे काही थोडे नव्हते. त्याची सुकट आणि जाडं मीठ घेऊन त्यांनी गाठोडं बुधीच्या डोक्यावर ठेवलं.

"हे ठमीआजीला दे. सांग, हौसानं पाठवलंय. गडबडीत काढायचं राहून गेलं होतं, तिनं मागाहून पाठवलंय."

बुधीने डोळे पुसले. "रागवनार नाय ना ती? उशीर झाला म्हनून?"

"हौसाची सासू रागवेल. आजी नाही रागवणार," बाई म्हणाल्या, आणि बुधी हसली.

निकाल लागला. बुधी पास! वाडीतून ढोल वाजत खाली आला. गोमाने मधाचं पोळं आणून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं, त्यात त्यांचे दोन महत्त्वाचे कागद कायमचे चिकटले, आणि तरी हेडमास्तर हसत होते. जूनमध्ये बुधी पत्र्याची पेटी घेऊन कर्जतला गेली.

आणि त्याच जूनपासून बाईंची हौसा बदलली. पैसे हातात आले की ती आधी रुपयाला दोन आणे बाजूला काढायची. पोरं प्रत्येक गणिताची दोन उत्तरं लिहायला लागली, एक पुस्तकाचं आणि एक हौसाचं. हेडमास्तरांनी विचारलं, "बाई, यातलं खरं कुठलं?" बाई म्हणाल्या, "पुस्तकाचं परीक्षेपुरतं, हौसाचं बाजारापुरतं. आयुष्यात परीक्षा किती आणि बाजार किती, सर, तुम्हीच काढा हिस्सा." त्यांनी परत चष्मा पुसायला घेतला.

पुढे माझी बदली अलिबागकडे झाली. समुद्राची हवा मिळाली, आई खूश झाली, पण गणिताचा तास आला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. माझ्या वर्गातही एक हौसा आली होती. ती मात्र कोळीण होती, आणि तिची सासू बाईंच्या हौसाच्या सासूहून तापट.

बरीच वर्षं गेली. एका कामानिमित्त कर्जतला उतरलो होतो. एस.टी.ला वेळ होता म्हणून बाजारातून चक्कर मारत होतो, तर सुक्या मासळीच्या दुकानासमोर ओळखीचा ठेंगणा आकार दिसला. अंबाडा पांढरा झाला होता, चष्मा आला होता, पदर मात्र कमरेलाच खोचलेला. शेजारी पांढऱ्या साडीतली, दवाखान्यातल्या नर्सच्या वेषातली एक बारीक, काळीभोर तरुण मुलगी. मी हाक मारणार, एवढ्यात मुलीचा आवाज ऐकला आणि थबकलो. बुधी! तिचा पहिला पगार झाला होता आणि ती बाईंना घेऊन बाजारात आली होती.

"वाडीचं काढायचंय, बाई. तुमी मोजा," ती म्हणत होती.

"मोजते. पण खोलीचं भाडं आहे तुझं. खानावळ आहे. आता काही ठमी म्हातारी बसलेली नाही तिथं."

"दुसऱ्या हायेत की. बसनाऱ्या दुसऱ्या हायेत."

बाईंनी मान तिरकी केली. इतक्या वर्षांनी तीच तिरकी मान. "बरं. आठवा हिस्सा काढायचा. पण कशाचा?"

"सगळ्याचा, बाई," बुधी म्हणाली. "उरलेल्याचा नाय."

बाईंचा हात सवयीने अंबाड्याकडे गेला. तिथे खडू नव्हता, शाळा सुटून वर्षं झाली होती. त्यांनी क्षणभर अंबाडा चाचपला, हसल्या, बुधीचा हात पुढे ओढला आणि तिच्या तळहातावर नुसत्या बोटानेच बरोबरची मोठी खूण केली.

बुधीने मूठ मिटली.